रुपयाला चार आणे म्हणजे मार्जिन किती?

लालबागच्या चिवडा गल्लीपासून पाच मिनिटांवर असलेल्या एका चाळीतल्या वहिनी दर दिवाळीला भाजणीच्या चकल्या करून विकतात. भाजणी, तेल, लोणी, गॅस, पिशव्या आणि मदतीला येणाऱ्या बाईंची मजुरी असे सगळे धरून त्यांना एक किलो चकली ३२० रुपयांना पडते, त्यावर शेकडा २५ नफा म्हणजे ८० रुपये मिळवून त्या ती ४०० रुपये किलोने देतात आणि हा हिशेब त्यांच्या वहीत गेली कित्येक वर्षे असाच चालत आला आहे. मागच्या दिवाळीपूर्वी दादरच्या एका दुकानदाराने चकली चाखून पाहिली, पसंत केली आणि सांगितले, "वहिनी, माल ठेवतो, पण मला पंचवीस टक्के मार्जिन पाहिजे." वहिनींनी ४०० रुपयांवर २५ टक्के म्हणजे १०० रुपये चढवले, पिशवीवर ५०० रुपये किंमत छापून घेतली आणि ४० किलो माल पाठवून दिला. दिवाळी झाल्यावर दुकानदाराने हिशेब केला तेव्हा त्यांच्या हातात १६,००० रुपयांऐवजी १५,००० रुपये पडले.

मी या भागातल्या लहान दुकानदारांचे हिशेब लिहितो, त्यामुळे ती चिठ्ठी घेऊन वहिनी माझ्याकडे आल्या. दुकानदाराने हजार रुपये खाल्ले, अशी त्यांची खात्री होती. चिठ्ठी पाहिल्यावर लक्षात आले की दुकानदाराने एक पैसाही खाल्लेला नव्हता. त्याने ५०० रुपयांचे २५ टक्के काढले, ते १२५ झाले आणि उरलेले ३७५ रुपये किलोमागे वहिनींना दिले. वहिनींनी २५ टक्के काढले होते ४०० रुपयांचे, आणि त्याने काढले ५०० रुपयांचे. दोघांचे गणित बरोबर होते, टक्केही तेवढेच होते, फक्त ते कशाचे टक्के हे दोघांपैकी कोणीच बोलून दाखवले नव्हते. मार्जिन हा शब्द आज मुंबईच्या कोणत्याही बाजारात दिवसातून शंभर वेळा कानावर पडतो, आणि त्याबद्दल होणाऱ्या बहुतेक भांडणांच्या मुळाशी हीच न बोललेली गोष्ट असते.

मुळात या शब्दाचा पैशाशी संबंध नव्हता. लॅटिनमधल्या 'मार्गो' या शब्दाचा अर्थ काठ किंवा कडा असा आहे, आणि त्यावरून इंग्रजीत आलेला मार्जिन हा शब्द पानाच्या कडेला सोडलेल्या कोऱ्या जागेसाठी रूढ झाला. त्यासाठी मराठीत 'समास' हा नेमका शब्द आहे, आणि ज्यांनी शाळेत समास न सोडता लिहिल्याबद्दल बोलणी खाल्ली आहेत त्यांना तो अजून आठवत असेल. मजकूर जिथे संपतो तिथून कागदाच्या कडेपर्यंतची जागा हा जसा पानाचा समास, तशी मालाची खरेदी जिथे संपते तिथून विक्रीच्या किमतीपर्यंतची जागा हे व्यापारातले मार्जिन. ही उपमा मला आवडते, कारण तिच्यात एक गोष्ट आपोआप येते. समास मोठा की लहान हे आपण पूर्ण पान पाहून ठरवतो, लिहिलेल्या मजकुराच्या मापाने ठरवत नाही. व्यापाऱ्यांच्या भाषेतही पूर्ण पान म्हणजे विक्रीची किंमत, आणि मार्जिन त्या पूर्ण किमतीचा हिस्सा म्हणूनच सांगितले जाते.

आपली अडचण अशी की शाळेने आपल्याला नेमके उलट शिकवले आहे. 'नफा-तोटा' या प्रकरणात शेकडा नफा नेहमी खरेदी किमतीवर काढायचा, हा नियम आपण पाढ्यांइतका पक्का केलेला असतो. तो नियम चुकीचा मुळीच नाही. घातलेल्या पैशावर किती सुटले, हे पाहण्याचा तो सरळ मार्ग आहे. मात्र त्या टक्क्याला बाजारात मार्कअप म्हणतात. मराठीत त्याला आपण 'चढ' म्हणू, कारण पडलेल्या किमतीवर आपण किती चढवले, एवढेच तो सांगतो. वहिनींनी चढ धरला होता आणि दुकानदाराने मार्जिन मागितले होते.

दोन्हींतला फरक मनात ठसवायला मला जुने आणे उपयोगी पडतात. समजा, एक रुपयाला पडलेल्या वस्तूवर तुम्ही चार आणे चढवले. पडलेल्या रुपयात सोळा आणे आहेत, त्यातले चार म्हणजे पाव हिस्सा, म्हणून चढ झाला २५ टक्के. आता गिऱ्हाईक तुम्हाला जे देते ते सोळा आणे नसून वीस आणे असते, आणि वीस आण्यांतले चार म्हणजे पाचवा हिस्सा, म्हणून मार्जिन झाले २० टक्के. आठ आणे चढवले तर चढ ५० टक्के होतो, पण चोवीस आण्यांतले आठ हा तिसरा हिस्सा असल्याने मार्जिन ३३ टक्क्यांच्या किंचित वर जाते. रुपयाचे दोन केले तर चढ १०० टक्के आणि मार्जिन ५० टक्के. चढाला वरची मर्यादा नाही, रुपयाच्या वस्तूचे कोणी दहा रुपयेही घेईल. मार्जिन मात्र १०० टक्क्यांना कधीच पोहोचत नाही, कारण त्यासाठी माल फुकट मिळालेला असावा लागतो.

मग व्यापाऱ्यांनी विक्रीची किंमत का धरली, असा प्रश्न वहिनींनी मला विचारला होता, आणि तो रास्त आहे. याचे उत्तर दुकानाच्या गल्ल्यात आहे. दुकानदाराचे बहुतेक वजावटीचे आकडे विक्रीवरच मोजले जातात. गिऱ्हाइकाला दिलेली सूट छापील किमतीवर असते, कार्ड मशीनचे शुल्क बिलाच्या रकमेवर असते, घरपोच माल पोहोचवणारी ॲप्स त्यांचे कमिशन ऑर्डरच्या किमतीवर कापतात आणि मॉलमधल्या काही गाळ्यांचे भाडेसुद्धा विक्रीच्या टक्क्यांत ठरलेले असते. हे सगळे टक्के एकाच मापाने मोजलेले असले की एकातून दुसरा सरळ वजा करता येतो. २० टक्के मार्जिन असलेल्या वस्तूवर १० टक्के सूट दिली, तर हातात अर्धाच नफा उरला हे दुकानदाराला कागद न घेता कळते. ८० रुपयांना पडलेली वस्तू १०० ऐवजी ९० ला गेली, वीसच्या जागी दहा सुटले, आणि पहिल्याइतकेच पैसे मिळवायचे तर आता माल दुप्पट खपायला हवा. शाळेच्या पद्धतीने 'मला शेकडा २५ सुटतात, त्यातले दहा सोडले तर पंधरा उरतील' असे जो समजतो, त्याला सेल संपल्यावर वही जुळत नाही. पंचवीस खरेदीवरचे आणि दहा विक्रीवरचे, ते एकमेकांतून वजा होणार कसे?

हाच घोटाळा 'दहावर एक फ्री' या स्कीममध्येही दडलेला असतो. घाऊक विक्रेता सांगतो की दहा टक्के सुटले, आणि नवखा दुकानदार मान डोलावतो. प्रत्यक्षात त्याच्याकडे अकरा नग येतात आणि त्यातला एक फुकट असतो, म्हणजे सूट अकराव्या हिश्श्याची, ९.०९ टक्क्यांची. पेटीमागे हा फरक नगण्य वाटतो, वर्षभराच्या खरेदीत तो नगण्य राहत नाही.

हा गोंधळ फक्त चाळीतल्या वहिनींचा आहे, असेही कोणी समजू नये. प्रिन्सेस स्ट्रीटच्या, म्हणजे आजच्या शामलदास गांधी मार्गाच्या औषधबाजारात पिढ्यानपिढ्या '१६ टक्के' हा आकडा घोळत आला आहे, आणि त्याचा अर्थ सरकारी आदेशातच बदललेला आहे. औषधांच्या किमतीवर नियंत्रण ठेवणाऱ्या १९९५ च्या आदेशात असे म्हटले होते की नियंत्रित औषध किरकोळ दुकानदाराला देताना किरकोळ किमतीतून १६ टक्के वजा करून द्यावे. म्हणजे अबकारी कर बाजूला ठेवला, तर १०० रुपयांचे औषध दुकानदाराला ८४ ला मिळायचे. २०१३ च्या नव्या आदेशात कमाल किंमत ठरवताना दुकानदाराला ज्या किमतीत औषध मिळते त्या किमतीवर १६ टक्के मार्जिन धरले आहे. म्हणजे १०० ला घेतलेले औषध ११६ ला. दोन्हीकडे आकडा सोळाच आहे आणि शब्दही मार्जिन हाच वापरला जातो, पण पहिल्या हिशेबात दुकानदाराला विक्रीच्या रुपयामागे १६ पैसे मिळत होते आणि दुसऱ्यात पावणेचौदा पैशांच्या आसपास मिळतात. आणे मोजणाऱ्या जुन्या दिवाणजीला हे पहिल्या वाचनात कळले असते.

औषधबाजाराने यावर आपल्यापुरता उपाय शोधला आहे. तिथे टक्के बोलण्यापूर्वी किंमत बोलतात. कंपनी साठेदाराला देते ती किंमत म्हणजे पीटीएस, साठेदार दुकानदाराला देतो ती पीटीआर आणि वेष्टनावर छापलेली ती एमआरपी. 'पीटीआरवर वीस' आणि 'एमआरपीवर वीस' या दोन वेगळ्या बोली आहेत, हे तिथल्या पोऱ्यालाही ठाऊक असते.

एमआरपीचा विषय निघालाच आहे तर कराचेही बोलायला हवे, कारण छापील किंमत सर्व करांसह असते आणि इथे दुसरा खड्डा आहे. जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू झाला. समजा, एका वस्तूवर १८ टक्के कर आहे आणि तिची छापील किंमत ११८ रुपये आहे. यातले १८ रुपये दुकानदाराचे नाहीतच, ते सरकारचे आहेत आणि त्याच्या गल्ल्यातून फक्त वाहत जातात, म्हणून मार्जिन काढताना पूर्ण पान ११८ चे नसून १०० चे धरायला हवे. नोंदणी असलेल्या दुकानदाराला ही वस्तू कर सोडून ८० ला पडली असेल, तर त्याचे मार्जिन २० टक्के आहे. कर धरून ९४ रुपये ४० पैसे दिले आणि ११८ घेतले, असा हिशेब केला तरी टक्के वीसच येतात. गडबड तेव्हा होते, जेव्हा एक बाजू करासह आणि दुसरी करावेगळी घेतली जाते, आणि ८० ची वस्तू ११८ ला विकून ३८ सुटले, असे समाधान मानले जाते. त्या ३८ मधले १८ रुपये कराचे होते, हे महिनाअखेरीला विवरणपत्र भरताना कळते. वहिनींची उलाढाल ४० लाखांच्या फार आत असल्याने त्यांना नोंदणी लागत नाही, म्हणून त्यांच्या चकलीचा हिशेब या फेऱ्यातून सुटला आहे.

एवढे झाले की माणसाला वाटते, मार्जिन समजले. पण अजून हा शब्द अर्धाच हातात आला आहे, कारण विक्रीतून खरेदी वजा केली की जे उरते ते ढोबळ मार्जिन, ज्याला हिशेबनीस ग्रॉस मार्जिन म्हणतात. भाडे, पगार, वीज, व्याज, घसारा आणि प्राप्तिकर हे सगळे गेल्यावर हाताशी राहते ते निव्वळ, म्हणजे नेट मार्जिन. पवईला २००२ मध्ये पहिले दुकान उघडलेल्या डी-मार्टचे ढोबळ मार्जिन साधारण १५ टक्क्यांच्या आसपास असते आणि निव्वळ पाचच्या आत-बाहेर. अंधेरीत मुख्यालय असलेल्या हिंदुस्तान युनिलिव्हरचे ढोबळ मार्जिन पन्नाशीच्या घरात असते. याचा अर्थ साबण बनवणारा लुटतो आणि विकणारा सोसतो असा नाही. साबण बनवणाऱ्याला त्या पन्नासमधून जाहिराती, कामगारांचे पगार आणि देशभराची वितरणव्यवस्था उभी करायची असते. विकणाऱ्याचा सगळा भर, माल फडताळावर न रेंगाळता भराभर फिरला पाहिजे, यावर असतो.

माल फिरण्याची ही गोष्ट मला टक्क्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. आपल्याकडे 'थोडा नफा, जास्त खप' म्हणून तिला सगळेच मान डोलावतात, पण हिशेब क्वचित कोणी मांडतो. रोज सकाळी दुधाच्या पिशव्या विकणाऱ्याला समजा ९७ रुपयांच्या मालावर तीन रुपये सुटतात. मार्जिन अवघे तीन टक्के, पण तेच ९७ रुपये दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागतात आणि महिन्याला त्यांच्यावर नव्वद रुपये सुटतात. शेजारच्या साडीच्या दुकानात ४० टक्के मार्जिनची पैठणी सहा महिने कपाटात घडी होऊन पडलेली असेल, तर तिच्यात अडकलेले पैसे तेवढे दिवस नुसते झोपलेले असतात. म्हणून नुसते मार्जिन विचारून धंद्याची तब्येत कळत नाही, माल वर्षात किती वेळा फिरतो तेही विचारावे लागते.

नासाडीचेही तसेच आहे. दादर स्टेशनबाहेर बसणाऱ्या भाजीवालीने ३० रुपये किलोने घेतलेला टोमॅटो ५० ने विकताना पाहून पांढरपेशा माणूस मनातल्या मनात ४० टक्के मार्जिन मोजतो आणि भाव करू लागतो. तिच्या टोपलीजवळ संध्याकाळपर्यंत उभे राहून पाहिले तर वेगळे दिसते. सकाळी घेतलेल्या दहा किलोंतले दोन किलो दबलेले, फुटलेले निघतात. पाच किलो पन्नासच्या भावाने जातात आणि शेवटचे तीन किलो रात्री साडेआठच्या पुढे, गाडी पकडायच्या घाईत असलेल्या बायकांना, ती तीस रुपयांनी देऊन टाकते. तिचे आले ३४०, गेले होते ३००, सुटले ४०. मार्जिन बारा टक्क्यांच्याही आत आले, आणि त्यातून वाशीच्या मार्केटहून माल आणण्याचे टेम्पोभाडे अजून जायचे आहे. तिला मार्जिन हा शब्द माहीत असो वा नसो, पहाटे पहिल्या गिऱ्हाइकाला सांगितलेल्या पन्नासमध्ये रात्रीचे तीस आणि फुटलेले दोन किलो तिने आधीच धरलेले असतात.

बोलताना मार्जिन आणि कमिशन हे शब्द अदलाबदलीने वापरले जातात, त्याबद्दल थोडेसे सांगतो. माल कोणाच्या मालकीचा आहे, यावर फरक ठरतो. ज्याने स्वतःच्या पैशाने माल घेतला, ज्याचा माल पडून राहिला तर त्याचेच नुकसान, त्याला मिळते ते मार्जिन. जो दुसऱ्याचा माल नुसता विकून देतो त्याला मिळते ते कमिशन, दलाली किंवा वाशीच्या बाजार समितीच्या भाषेत अडत. दादरच्या दुकानदाराने वहिनींना न खपलेली चकली परत करण्याची मुभा मागून घेतली होती. अशा व्यवहाराला आपल्याकडे फार जुना शब्द आहे, जांगड, आणि हिऱ्यांच्या बाजारात आजही माल जांगडवर दिला-घेतला जातो. मालाची जोखीम वहिनींकडेच राहणार असेल, तर दुकानदाराने मागितले ते खरे पाहता कमिशन होते, आणि जोखीम न घेणाऱ्याला २५ टक्के हा दर जरा जास्तच आहे, असे माझे मत मी वहिनींना तेव्हाच सांगितले.

बँकेत गेल्यावर मात्र हा शब्द एकदम पोशाख बदलतो, आणि दुकानातला अर्थ मनात धरून गेलेला माणूस गोंधळतो. तिथे मार्जिन म्हणजे नफा नव्हेच. तुम्हाला ज्या वस्तूसाठी कर्ज हवे आहे तिच्या किमतीपैकी जो भाग बँक देत नाही आणि तुम्ही स्वतःच्या खिशातून घालायचा असतो, त्याला मार्जिन मनी म्हणतात. बँकेनेही पानावर समास सोडलेला असतो, कारण उद्या घर विकून वसुली करायची वेळ आली आणि भाव उतरलेले असले, तर तेवढी मोकळी जागा बँकेला सांभाळून घेते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज देता येते. मुंबईत एक कोटीचे घर घेणाऱ्याला ७५ लाख कर्ज मिळाले, तर २५ लाख त्याचे मार्जिन झाले. शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च या किमतीत धरला जात नाही, त्यामुळे मुंबईतले सहा टक्के मुद्रांक म्हणजे सहा लाख आणि नोंदणीचे तीस हजार हेही पदरचेच घालावे लागतात. घर स्त्रीच्या नावावर असेल तर मुद्रांकात एक टक्का सवलत आहे. 'मार्जिन पंचवीस लाख' हे ऐकून तेवढीच जमवाजमव करणारी कुटुंबे शेवटच्या आठवड्यात नातेवाइकांना फोन करताना मी पाहिली आहेत.

दुकानातल्या मालाच्या तारणावर बँक जे कर्ज देते त्या कॅश क्रेडिटमध्येही हाच अर्थ आहे. दुकानात दहा लाखांचा माल असेल, त्यातला दोन लाखांचा उधारीवर आणलेला असेल, तर बँक आठ लाखच मोजते, त्यातले २५ टक्के मार्जिन म्हणून सोडते आणि सहा लाखांपर्यंत रक्कम उचलू देते. त्या सहा लाखांना ड्रॉइंग पॉवर, बोलीभाषेत 'डीपी', म्हणतात. दर महिन्याचे स्टॉक स्टेटमेंट बँकेला वेळेवर हवे असते ते याचसाठी.

शेअर बाजारात या शब्दाचा तिसरा अवतार आहे आणि तो सर्वांत निसरडा आहे. दलाल स्ट्रीटवरच्या बाजाराची संस्था १८७५ ची आहे, आणि तिथे पूर्ण पैसे न देता सौदा करण्याची हौसही जवळजवळ तेवढीच जुनी म्हणावी लागेल. पूर्वी ती बदल्याच्या पद्धतीने भागत असे. सौदा पूर्ण न करता व्याज भरून पुढे ढकलायचा, असा तो प्रकार होता, आणि तो जुलै २००१ मध्ये बंद झाला. आता सौदा करणाऱ्याने बाजारापाशी जी अनामत ठेवायची तिला मार्जिन म्हणतात. फ्युचर्समध्ये, म्हणजे पुढच्या ठरलेल्या तारखेच्या सौद्यांत, दहा लाखांचा सौदा करायला दहा लाख लागत नाहीत, त्याचा काही हिस्सा आधी ठेवावा लागतो, आणि तो हिस्सा केवढा हे त्या शेअरचा भाव एका दिवसात किती हेलकावे खाऊ शकतो, याच्या अंदाजावर ठरते. भाव उलटा गेला की ही अनामत रोज झिजते, आणि ती ठरलेल्या पातळीखाली गेली की दलालाचा निरोप येतो, तो मार्जिन कॉल. पैसे भरले नाहीत तर दलाल तुमचा सौदा तुम्हाला न विचारता मोडून टाकतो.

इथले गणित वहिनींच्या गणिताहून वेगळे नाही, फक्त त्याचे दात जास्त तीक्ष्ण आहेत. एखाद्याने स्वतःचे ४० हजार घालून आणि दलालाकडून ६० हजार उसने घेऊन लाखाचे शेअर घेतले. भाव दहा टक्क्यांनी पडला, असे टीव्हीवर सांगतात. ते लाखाचे दहा टक्के, म्हणजे दहा हजार. पण गेले ते त्याच्या ४० हजारांतून, म्हणून त्याच्यापुरता तोटा पंचवीस टक्क्यांचा झाला, आणि उसन्या पैशांवरचे व्याज त्याच्या वर. पूर्वी दलाल दिवसाच्या आत संपणाऱ्या सौद्यांवर अनामतीच्या कितीतरी पट सौदा करू देत. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने डिसेंबर २०२० पासून टप्प्याटप्प्याने तो लगाम आवळला आणि १ सप्टेंबर २०२१ पासून दिवसातल्या कोणत्याही क्षणी लागणारे सर्वोच्च मार्जिन पूर्ण जमा असले पाहिजे, असा नियम आला. तरुण मुले त्याबद्दल आजही कुरकुर करतात. मला तो नियम योग्य वाटतो.

निवडणुकीच्या बातम्यांत येणारे 'विजयाचे मार्जिन' म्हणजे आपले साधे मताधिक्य. तिथेही जिंकणारा आणि हरणारा यांच्यातली मोकळी जागाच मोजलेली असते.

वहिनींचा प्रश्न मात्र दुकानातला होता आणि त्याचे उत्तर एका भागाकाराचे आहे. दुकानदाराला विक्रीच्या २५ टक्के द्यायचे असतील, तर वहिनींच्या हातात छापील किमतीचे ७५ टक्के येणार. ते ४०० रुपये व्हायला हवेत, म्हणून ४०० ला ०.७५ ने भागायचे, उत्तर ५३३ रुपये ३३ पैसे येते. वरच्या पैशांची कटकट नको म्हणून त्यांनी वहीत ५४० लिहून ठेवले होते. यंदा गणपती उठल्यावर दुकानदाराचा फोन आला, गेल्या वर्षी चकली छान खपली, आता ६० किलो ठेवू म्हणाला, पण मार्जिन तीस टक्के हवे. वहिनींनी विचारले, "छापील किमतीवर ना?" तो हो म्हणाला. "आणि उरलेला माल?" तो थोडा थांबला आणि म्हणाला, "तीस देताय तर उरलेला माझा." वहिनींनी ४०० ला ०.७० ने भागले आणि पिशव्या छापणाऱ्याला ५७५ चा आकडा कळवला.